दूध पिताना कपाळाला घाम

चिठ्ठी वहीच्या रेघी कागदावर होती. चार घड्या पडलेल्या, एका कोपऱ्याला घामानं शाई फुटलेली. बाळाच्या आजीनं ती लसीकरणाच्या कार्डात घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपली होती. बाकीचे कागद एकेक करून माझ्यापुढे ठेवताना ती चिठ्ठी मात्र ती बाजूला सारत होती. हा काही दवाखान्याचा कागद नव्हे, असं तिला वाटत असावं. मी मागून घेतली. अक्षर अंगणवाडीच्या बाईंचं होतं. ‘बाळ पाच महिन्याचे. दूध पिताना दमते, थांबून थांबून पिते. कपाळाला घाम येतो. वजन वाढत नाही. हृदयाचे डॉक्टरला दाखवावे.’

संध्याकाळपर्यंत बाळाचा ईसीजी निघाला, छातीचा एक्स-रे झाला, टू-डी एको झाला. डॉक्टरांनी इंग्रजीत पानभर रिपोर्ट लिहिला. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र, फुप्फुसांकडे जादा रक्त, हृदयाचा डावा भाग त्या ओझ्यानं ताणलेला. रिपोर्ट मी दोनदा वाचला आणि पुन्हा ती चिठ्ठी वाचली. चिठ्ठीत होतं तेच रिपोर्टात होतं. आम्ही त्याला मिलिमीटर लावले होते.

मी मुंबईतल्या एका मुलांच्या रुग्णालयात कार्डिओलॉजी टेक्नॉलॉजिस्ट आहे. हे पद सांगितलं की लोक पुढचं वाक्य ऐकायला थांबतात, म्हणून आता मी पुढचं वाक्यही लगेच सांगते: मी डॉक्टर नाही, नर्सही नाही, लेकरांच्या हृदयाची मापं घेते. ईसीजी काढते, चोवीस तास ठोके नोंदणारा होल्टर लावते, एकोच्या खोलीत डॉक्टरांच्या बाजूला असते आणि आठवड्यातले काही दिवस कॅथ लॅबमध्ये प्रेशरच्या पडद्यासमोर बसते. आईबापांसाठी मी ‘ईसीजीवाली सिस्टर’. लेकरांसाठी कधी मावशी, कधी नुसतीच रडण्याचं कारण.

आणि मी अणदूरची.

“कुठलं गाव, आज्जी?” मी विचारलं होतं.

“लांबचं हाय बाई. तुळजापूर तालुका. नळदुर्गच्या पुढं, हायवेला.”

“अणदूरकडचं का?”

तिनं माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “अगं बया! तुला कसं ठावं अणदूर?”

त्यानंतर ती तासभर माझा हात सोडायला तयार नव्हती. आदल्या रात्री सोलापूरला सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसून, सून आणि नात घेऊन ती पहाटे दादरला उतरली होती. या शहरात ओळखीचा पहिला शब्द तिला ईसीजीच्या खोलीत सापडला.

अणदूर मुंबई-पुण्याच्या वाचकाला बहुधा हैदराबादच्या रस्त्यावरचं एक नाव म्हणून माहीत असतं. सोलापूर सोडलं, नळदुर्गचा किल्ला आणि बोरी नदी मागे पडली की हे गाव लागतं. सोलापूर पन्नासेक किलोमीटर. गावचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला राहतो आणि उरलेला नळदुर्गजवळच्या मैलारपूरला. देव एकच, देवळं दोन. नेण्या-आणण्याच्या वेळी दोन्ही गावचे मानकरी लेखी करार करतात, आणि ठरल्या तिथीला पालखी निघते. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच गावांचे देव असे येऊन जाऊन असतात.

वैद्यकीच्या जगात अणदूरची वेगळी ओळख आहे, आणि माझ्या या धंद्याचं मूळही तिथंच आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी इथं हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, उमरगा-लोहाऱ्याकडची गावंच्या गावं मातीत गेली, तेव्हा हे लोक तिथं कामाला होते. त्यांनी गावातल्याच बायांना शिकवून आरोग्याचं काम त्यांच्या हाती दिलं. अशा बाईला ‘भारतवैद्य’ म्हणतात. कुणी चार इयत्ता शिकलेली, कुणी त्याहून कमी. पण ताप कशाचा, जुलाबात काय पाजायचं, बाळाचा श्वास कधी घाबरण्यासारखा, बाळंतिणीचा चेहरा कधी पांढरा पडतो, हे त्यांना कळायचं. औषधाच्या चार गोळ्या हाताशी असायच्या. खरं भांडवल डोळ्यांत होतं. आमच्या भागात अशा बाया दारावरून जाताना मी लहानपणी पाहिल्या. आजारी माणसाकडे नुसतं बघणं हेही एक शिक्षण असतं, हे मला त्यांच्यामुळे आधी कळलं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा तीन वर्षांचा पॅरामेडिकल अभ्यासक्रम आणि त्यानंतरची एक वर्षाची इंटर्नशिप फार पुढची गोष्ट.

आमच्या खोलीत दिवसभर एक प्रश्न विचारला जातो: “झोपलं का?”

मोठ्या माणसाचा ईसीजी पाच मिनिटांत होतो. तो आडवा पडतो, श्वास रोखा म्हटलं की रोखतो. पाच महिन्यांच्या लेकराला हे कोण सांगणार? ते रडलं की छातीचे स्नायू थरथरतात आणि ती थरथर कागदावर उतरते. हृदयाची वीज मिलिव्होल्टची. एका मिलिव्होल्टला कागदावर दहा मिलिमीटरची उंची. लेकरानं पाय झाडला की त्याच्याही रेघा त्यात मिसळतात. मग आईला म्हणायचं, पाजा. पाजता पाजता पाय मोकळे, छाती मोकळी, मी हळूहळू चिकटपट्ट्या लावते. जेल आधी तळहातावर धरून कोमट करते. कुणाला किल्ल्यांचा जुडगा वाजवून दाखवते, कुणाला मोबाइलवर गाणं. एकदा एका चार वर्षांच्या पोरानं अट घातली की आधी त्याच्या लाकडी बैलाचा ईसीजी काढायचा. काढला. बैलाला चार पट्ट्या लावून कागदाची सरळ रेघ त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, “झोपलाय तो.” मग स्वतः गपचीप आडवा झाला.

लहान मुलांचा ईसीजी म्हणजे मोठ्यांच्या ईसीजीची छोटी आवृत्ती नव्हे. आईच्या पोटात फुप्फुसं काम करत नसतात, उजव्या कप्प्यावर मोठा भार असतो. म्हणून नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं हृदय उजवीकडून जाड असतं. तेच चित्र मोठ्या माणसात दिसलं तर आजार. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत छातीच्या पहिल्या लीडमधली टी लाट वर असते, आठवड्याभरात ती खाली वळायला हवी. वळली नाही तर डॉक्टरांना हाक मारायची. बाळाचे ठोके मिनिटाला एकशे चाळीस असले तरी ते ठीकच असतं. यंत्र मात्र मोठ्या माणसाच्या हिशेबानं कागदावर भलतंच छापू शकतं. म्हणून आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं गेलं की यंत्र काय म्हणतंय ते वाचायच्या आधी वयाचा रकाना बघा. शिवाय छातीच्या डाव्या बाजूच्या लीडबरोबर उजव्या बाजूलाही लीड लावायची, कारण लेकरांची गोष्ट पुष्कळदा उजवीकडे असते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडून चूक झाली. रडणाऱ्या बाळाच्या गडबडीत दोन्ही हातांच्या तारा मी अदलाबदल करून लावल्या. कागद पाहून मीच हादरले: पहिल्या लीडमध्ये सगळं उलटं. हृदय उजव्या बाजूला असल्यासारखं. मी धावत माझ्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडे गेले. त्यांनी कागद हातात घेतला, क्षणभर पाहिलं आणि एवढंच म्हणाले, “छातीचे लीड बघ.” छातीचे लीड नेहमीसारखेच चढत गेले होते. हृदय उजवीकडे असतं तर ते तसे चढले नसते. हृदय जागेवरच होतं, तारा चुकल्या होत्या. त्या दिवशी त्या बाळाच्या आईनं बाहेर बाकावर वीस मिनिटं कशी काढली असतील, ते मला आजही आठवतं. तेव्हापासून तार लावताना मी मोठ्यानं बोलते: उजवा हात, डावा हात. बायांना वाटतं, मी लेकराशी बोलते.

ईसीजीचा मूळपुरुष विलेम आइंतोव्हेन. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत हॉलंडमधल्या लायडनला त्याचं यंत्र उभं राहिलं तेव्हा त्याचं वजन सुमारे पावणेतीनशे किलो होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण दोन हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. यंत्र प्रयोगशाळेत, रुग्ण दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. मध्ये टेलिफोनची तार टाकून त्यानं ठोके प्रयोगशाळेत आणले. मला ही गोष्ट फार आवडते. आज तालुक्याच्या रुग्णालयातून कुणी ईसीजीच्या कागदाचा फोटो मोबाइलवरून सोलापूरला पाठवतं, तेव्हा त्या दीड किलोमीटरच्या तारेचेच पन्नास किलोमीटर झालेले असतात.

एकोच्या खोलीत अंधार असतो. लेकरं तिथं लवकर झोपतात, आया त्याहून लवकर. आमच्याकडे छातीवर फिरवायचा प्रोब डॉक्टरांच्या हातात असतो. काही मोठ्या बालहृदय केंद्रांमध्ये प्रशिक्षित एको तंत्रज्ञ चित्रं घेतात आणि डॉक्टर ती वाचतात. मी यंत्र लावते, लेकराला योग्य कुशीवर वळवते, मापं नोंदते, चित्रं साठवते आणि झोपेचं औषध दिलेलं असेल तर बोटाला लावलेल्या ऑक्सिजनच्या मापावर डोळा ठेवते. लहान बाळासाठी वेगळा, बारीक प्रोब लागतो. त्याच्या लहरी जास्त कंपनांच्या, फार खोल न जाणाऱ्या, पण बारकावा दाखवणाऱ्या. बाळाला खोल जायचंच कुठं असतं? दोन बोटं आत हृदय असतं. बरगड्यांच्या खालून, पोटाच्या बाजूनं वर पाहिलं की चारही कप्पे एका नजरेत येतात. मोठ्या माणसाच्या पोटातून इतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

या यंत्राचा जन्म जहाजाच्या कारखान्याशी जोडलेला आहे. स्वीडनमध्ये लुंडचे हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हेर्ट्झ हृदयात डोकावायचा मार्ग शोधत होते. जवळच माल्मोच्या गोदीत लोखंडी पत्र्यांतल्या भेगा शोधायला आवाजाच्या लहरी वापरत. हेर्ट्झनं तिथलं यंत्र स्वतःच्या छातीला लावून पाहिलं. पुढे सीमेन्सकडून तसं यंत्र उसनं मिळालं आणि १९५३ च्या ऑक्टोबरात दोघांनी हलत्या हृदयाचा पहिला आलेख काढला. पत्र्यातली भेग शोधणारं यंत्र आता पडद्यातली भेग शोधतं.

पडद्यावर रंग आले की आया दचकून उठतात. लाल आणि निळा. “ताई, ते निळं म्हणजे खराब रक्त का?” हा प्रश्न मला आठवड्यातून दहा वेळा तरी येतो. निळं रक्त, निळं बाळ असं कुठंतरी ऐकलेलं असतं आणि पडद्यावर निळं दिसलं की काळजात धस्स होतं. खरं तर त्या रंगांचा रक्ताच्या शुद्धतेशी काही संबंध नाही. रक्त प्रोबच्या दिशेनं येत असेल तर लाल, दूर जात असेल तर निळं. स्टेशनात उभं राहिल्यावर येणाऱ्या गाडीची शिट्टी वेगळी आणि जाणाऱ्या गाडीची वेगळी ऐकू येते, तेच तत्त्व. क्रिस्टियन डॉप्लरनं ते १८४२ मध्ये मांडलं. रंगांची खिचडी झाली, हिरवे-पिवळे ठिपके उडायला लागले, की तिथं रक्त अरुंद वाटेनं जोरात घुसतंय असं समजायचं. त्याचा वेग मोजता येतो, आणि वेगावरून दोन बाजूंच्या दाबातला फरक. वेगाचा वर्ग करायचा, चारनं गुणायचं. सेकंदाला चार मीटर असेल तर फरक चौसष्ट मिलिमीटर पारा. एवढं गणित येतं म्हणून कितीतरी लेकरांच्या हृदयात नळी घालावी लागत नाही.

त्या आजीनं विचारलं, “पर भोक हाय म्हंजे रक्त गळतंय का गं?”

मी म्हटलं, “आज्जी, आपला खंडोबा अणदूरहून मैलारपूरला जातो का नाही? तिथं राहतो, मग परत येतो. रक्ताचंही तसंच आहे. एका बाजूनं फुप्फुसाकडं जातं, वारा घेतं, दुसऱ्या बाजूला येतं, मग सगळ्या अंगाला जातं. दोन ठिकाणं, एक वाट. आता मधल्या भिंतीला भोक आहे. अंगाकडं निघालेलं रक्त मधेच वळून पुन्हा फुप्फुसाकडं जातंय.”

ती जरा थांबली. “म्हंजी पालखी वेशीवरनंच माघारी फिरायलीय.”

“हं. आणि गाव उपाशी राहतंय.”

“म्हणून वजन वाढंना पोरीचं.”

कॉलेजात आम्हाला शंटचं प्रमाण शिकवायला दोन तास लागले होते.

कॅथ लॅबमध्ये अंगावर शिशाचा झगा असतो आणि काम काचेच्या अलीकडचं. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयात जाते. डॉक्टरांचे डोळे एक्स-रेच्या पडद्यावर असतात, माझे दाबाच्या लाटांवर. उजवा वरचा कप्पा, उजवा खालचा कप्पा, फुप्फुसाची धमनी. प्रत्येक जागेची लाट वेगळी, चेहऱ्यासारखी ओळखू येणारी. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तर लाट बोथट होते. दाब मोजायची शून्य पातळी लेकराच्या छातीच्या मध्याशी धरली नाही तर प्रत्येक आकडा खोटा. मोठ्या माणसात पाच-दहाचा फरक पडला तर डॉक्टर समजून घेतात. बाळाच्या फुप्फुसाच्या दाबात तेवढ्यानं शस्त्रक्रिया होणार की नाही हा निर्णय फिरू शकतो. ठोक्यांची लय बिघडली तर ते ओरडून सांगायचं काम माझं. तिथं मऊ आवाजात बोलणं हा गुन्हा आहे.

आणि रक्त. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटर रक्त असतं. दोन-तीन कप चहा. प्रत्येक कप्प्यातून ऑक्सिजन तपासायला नमुना घ्यायचा, तो मिलिलिटर मिलिलिटरचा हिशेब ठेवून. वहीत नमुन्यांचा रकाना भरत गेला की मी आपोआप कप मोजते.

ज्या १९२९ साली परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय सुरू झालं, त्याच वर्षी जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत अशीच नळी सारली आणि एक्स-रे काढून दाखवला. त्याला नोबेल मिळायला १९५६ उजाडलं.

माझ्या मनात मात्र वेगळ्याच एका माणसाची तसबीर आहे. व्हिव्हियन थॉमस. अमेरिकेतला कृष्णवर्णीय, १९१० चा जन्म, डॉक्टर व्हायची इच्छा होती, मंदीत साठवलेले पैसे बुडाले. डॉ. ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. पगारपत्रकावर सफाई कामगार. पुढे ते दोघं जॉन्स हॉपकिन्सला गेले, तिथं डॉ. हेलन टाउसिग निळ्या पडणाऱ्या मुलांवर उपाय शोधत होत्या. टाउसिगबाईंना ऐकू कमी येत असे. त्या लेकरांच्या छातीवर बोटं ठेवून ठोका आणि आतली थरथर वाचत. हातातून फुप्फुसाकडे रक्ताची नवी वाट काढता येईल, ही कल्पना त्यांची. ती वाट प्रत्यक्ष कशी शिवायची, हे थॉमसनं प्रयोगशाळेत सुमारे दोनशे कुत्र्यांवर काम करून बसवलं. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉकनी पहिल्या बाळावर ही शस्त्रक्रिया केली तेव्हा थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून टाका कुठं, सुई कशी, हे सांगत होता. शस्त्रक्रियेला नाव दोघा डॉक्टरांचं पडलं. थॉमसला मानद डॉक्टरेट मिळाली १९७६ मध्ये, बत्तीस वर्षांनी.

आमच्या विभागात कुणी नवीन मुलगा-मुलगी कामाला आली की मी ही गोष्ट सांगते. सही नसलेल्या कामाचं गाऱ्हाणं सांगायला नव्हे. आपल्या देशात तर २०२१ मध्ये अशा सगळ्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि आमच्या कामाला नाव मिळालं. मी सांगते ती बोटांसाठी. टाउसिगबाईंच्या बोटांनी जे ऐकलं, थॉमसच्या बोटांनी जे शिवलं, ते कागदावर आलं ते नंतर. आधी कुणीतरी नीट हात लावून, नीट बघून घेतलं होतं.

आणि हीच गोष्ट मला त्या वहीच्या कागदाकडे परत नेते.

हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. हे प्रमाण मुंबईत जितकं, तितकंच अणदूरच्या पंचक्रोशीत. फरक फक्त कुणी ओळखलं याचा. दूध ओढता ओढता थांबणं, कपाळाला घाम, वारंवार छाती भरणं, वजनाची रेघ आडवी पडणं. मोठ्या लेकरात खेळता खेळता मध्येच उकिडवं बसणं. तसं बसलं की पायांकडची वाट अडते, फुप्फुसाकडे थोडं जास्त रक्त जातं आणि त्याला बरं वाटतं. ते हे कुणी न शिकवता शिकलेलं असतं. गावात याला वेगळी नावं आहेत. छाती भरली, बरगड्या आत जायला लागल्या की ‘डबा झाला’. वाढ खुंटली की ‘दृष्ट लागली’. मीठमोहऱ्या ओवाळण्यात महिने जातात. सावळ्या कातडीवर निळेपणा दिसतही नाही. तो जिभेवर आणि नखांत शोधावा लागतो, तोही उजेडात. पिवळ्या बल्बखाली सगळीच नखं सारखी.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. त्यातली पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतात, जन्मजात हृदयदोष हा त्यांच्या यादीतला एक मुख्य आजार. शस्त्रक्रियेच्या पैशांचं पाहायचं तर राज्य सरकारची जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सोलापूर त्यात होतं, आमचा जिल्हा नव्हता. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावानं चालते. जमीन गहाण टाकून ऑपरेशन करणारी माणसं माझ्या लहानपणी पाहिलेली आहेत. म्हणून रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला धावणारा बाप पाहिला की मला बरं वाटतं. झेरॉक्सच्या रांगेत उभं राहणं हे सावकाराच्या ओट्यावर उभं राहण्यापेक्षा फार वेगळं असतं.

पण पैसे मिळाले तरी एक दार उरतं, आणि त्याबद्दल मी गप्प बसणार नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की हृदयाची शस्त्रक्रिया सांगितलेल्या मुलींपैकी ती करून घेणाऱ्यांचं प्रमाण मुलग्यांच्या मानानं बरंच कमी. मला त्यासाठी अभ्यास वाचावा लागला नाही. होल्टर परत करायला न आलेल्या, पुढच्या तारखेला न दिसलेल्या लेकरांची यादी माझ्याच रजिस्टरात आहे. “छातीवर व्रण राहील, लग्नाचं कसं?” हे वाक्य सहा महिन्यांच्या बाळाबद्दल मी ऐकलं आहे. गर्भलिंगनिदानावर १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी महाराष्ट्राला कायदा करावा लागला. पोटातल्या मुली हेरणारी सोनोग्राफीची लाट आणि आमच्या एकोची लाट एकच. यंत्राला काही कळत नाही. कोण कशासाठी बघतंय, एवढाच फरक.

म्हणून त्या आजीचा मला फार अभिमान वाटला. मुलगी होती. तिसरी मुलगी होती. आणि आजी तिला घेऊन जनरलच्या डब्यात बसली होती.

पोरीची शस्त्रक्रिया झाली. दहाव्या दिवशी तिचा ईसीजी मीच काढला. छातीवर टाक्यांची रेघ, तिच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावायच्या, रेघेला धक्का न लावता. उजवा हात, डावा हात. ती रडली नाही, किल्ल्यांकडे बघत राहिली. आई पाजायला बसली तेव्हा मी मुद्दाम घुटमळले. पोरगी न थांबता प्यायली. आजीनं पदराचं टोक तिच्या कपाळाला लावलं, मग ते टोक मला दाखवलं. कोरडं होतं.

मार्गशीर्षात मी घरी गेले तेव्हा ती चिठ्ठी लिहिणाऱ्या बाईंना भेटायला गेले. अणदूरपासून त्यांची वाडी फार लांब नाही. अंगणवाडी म्हणजे एक खोली, पुढं पत्र्याची पडवी, वजनाचा काटा, भिंतीवर अक्षरं आणि भाज्यांची चित्रं. बाई पन्नाशीच्या पुढच्या. मी नाव सांगितलं, चिठ्ठीचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न केला: “वजन किती झालंय आता?”

सांगितलं. त्यांनी कपाटातून रजिस्टर काढलं, नाव शोधलं, आकडा लिहिला, आणि मग बसा म्हणाल्या.

मी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? त्यांना प्रश्नच नीट कळला नाही. “अहो, लेकरू पितंय का नाही ते बघायचं, त्यात काय शिकवायचं? ट्रेनिंगला सांगतात तसं. आन् आमच्या गावात आधी भारतवैद्य बाई होत्या, त्या सांगायच्या की दूध पिणं म्हंजे बाळाचं रान नांगरणं. त्याला तेवढंच कष्टाचं काम असतंय. त्यात दमलं की समजायचं.”

दवाखान्यात आम्ही मोठ्या माणसांना ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतो. बाळाची ट्रेडमिल आईच्या छातीशी असते, हे मला इतकं सरळ कुणी सांगितलं नव्हतं.

चहा झाला. मी उठायला लागले, तर त्या म्हणाल्या, “जरा थांबता का? एक दाखवायचंय.” पडवीत एक तरुण आई बसली होती, मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू. थंडी होती, तरी बाईंनी त्याला उन्हात आणवलं होतं. त्याच्या नखांकडे त्यांनी आधीच पाहिलं असणार, हे मला त्या जागेवरूनच समजलं.

“श्वास जोरात वाटतोय,” त्या म्हणाल्या. “पन्नासच्या वर गेला तर धोका, असं आम्हाला सांगितलंय. सकाळी मोजला, बासष्ट. मघाशी झोपल्यावर मोजला, साठ. पूर्ण मिनिट मोजला दोन्ही वेळा. आता तिसऱ्यांदा तुम्ही मोजा. माझं चुकत असंल.”

मी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. आईनं झबलं वर केलं. पोटाशी बरगड्यांखाली ऊन पडलं होतं आणि तिथली कातडी आत-बाहेर होत होती. मी मोजायला लागले.